चालू घड्याळांची दुरुस्ती

या गावाला आजारी पडण्याची लाज वाटायची. हसू नका, खरंच सांगतोय. शेजारच्या गावात दोन दवाखाने होते, म्हणून त्या गावाला ही मंडळी ‘बाटलीगाव’ म्हणायची आणि स्वतःबद्दल छाती फुगवून सांगायची, की आमच्याकडे डॉक्टर टिकत नाही बुवा! पूर्वी एक आला होता बिचारा. माशा मारून मारून कंटाळला आणि गाशा गुंडाळून गेला. त्याच्या जाण्याची गोष्ट गावात लढाई जिंकल्यासारखी सांगितली जायची.

आणि अशा गावात डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला! शहरातल्या मोठ्या इस्पितळातली चांगली नोकरी सोडून. तिथे एका पेशंटचं बोलणं पुरं होण्याआधी दुसरा दारात उभा असायचा, आणि वरचे साहेब म्हणायचे, ऐकत काय बसलात, लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. बाईंना ऐकायचं होतं. स्वतःची खोली, स्वतःची पाटी, आणि माणूस जे सांगायला आलाय ते सांगून होईपर्यंत त्याच्यासमोर स्वस्थ बसायला वेळ, एवढंच त्यांचं स्वप्न. गावाने चौकातली आपल्या मालकीची, पुढे-मागे दोन भाग असलेली खोली वर्षभरासाठी दिली. अट एकच. वर्ष सरलं की पंचमंडळी बसणार. गावाला दवाखान्याची गरज आहे असं दिसलं तर खोली कायमची बाईंची, नाही तर तिथे खताची पोती.

बाईंनी भिंती पांढऱ्या केल्या, तपासणीचं टेबल आणलं, औषधांचं कपाट लावलं आणि दाराबाहेर पेशंटसाठी एक लांबलचक बाक ठेवलं. घोड्याने पेंड खाल्ली ती तिथेच. कारण चौकाच्या पलीकडे होतं सलून आणि सलूनमध्ये होता भिंतभर आरसा. दाढीला बसलेल्या माणसाला त्या आरशात स्वतःच्या तोंडामागे दवाखान्याचं दार आणि ते बाक असं स्वच्छ दिसायचं, की बाकावर कुणी टेकलं असतं तर साबणाचा फेस सुकण्याआधी गावभर बभ्रा झाला असता. मग कोण टेकतंय! बाकावर दुपारी एक कुत्रं तेवढं झोपायचं. त्याची प्रकृती ठणठणीत होती.

सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते मुख्य पंच. त्यांना अख्खं गाव पोलादकाका म्हणायचं. “जन्मात गोळी गिळली नाही मी,” असं ते येता जाता ऐकवायचे. “डॉक्टरीणबाई, पोरी, तू गुणी आहेस गं, पण आमच्या गावात तुझं काय काम? इथली माणसं पोलादाची!”

बाई हसून मान डोलवायच्या आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायच्या.

तेवढ्यात बाईंचे वडील राहायला आले. हे शहरातले जुने घड्याळजी. हातात घड्याळ बांधायची माणसं कमी झाली, दुकानाची गिऱ्हाइकं आटली, आई गेली, आणि म्हातारा एकटा घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायला लागला. बाईंनी त्यांना उचलून आणलं. पण रिकामं बसणारा तो जीवच नव्हे. “पोरी, तुझी पुढची खोली ओसच पडलीय ना? मग मी बसतो तिथे,” म्हणाले, आणि दवाखान्याच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून, चिमटे ओळीने ठेवून बसलेसुद्धा. दारावर दुसरी पाटी लागली: घड्याळं दुरुस्त करून मिळतील. म्हातारा तिरसट खरा, पण हात सोन्याचा. आपल्या हातून गेलेलं घड्याळ तक्रार घेऊन परत आलं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा एकुलता एक अभिमान.

पहिलं गिऱ्हाईक कोण आलं असेल? पोलादकाका! काखेत टोलाचं घड्याळ घेऊन, सलूनकडे बघत बघत, मुद्दाम मोठ्याने बोलत. “घड्याळजी, बघा हो, मागे पडतंय मेलं!”

घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, कान लावला. “कोण म्हणतं मागे पडतंय? उत्तम चाललंय.”

“अहो, नीट बघा. बघायला वेळ लागेलच ना? घ्या की तुमचा वेळ. मी तोवर आतल्या सावलीत टेकतो जरा,” असं म्हणत काका पडदा बाजूला सारून आत गेलेसुद्धा. आणि आत गेल्यावर त्या पोलादाचं काय झालं म्हणता? पार मेण झालं. खुर्चीत बसून दबक्या आवाजात म्हणाले, “पोरी, जिना चढलो की छातीत धडधडतं गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. घरात सांगितलं नाही कुणाला.” बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि आकडा बघून त्यांच्याच छातीत धडधडलं. काका बोलत राहिले, बाई ऐकत राहिल्या. गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलं. काका जाताना पुन्हापुन्हा विनवत होते, “कुणाला कळता कामा नये हं. माझं नाव जाईल.”

“काका, या पडद्याच्या आतलं बाहेर जात नसतं,” बाई म्हणाल्या.

गोळ्यांची पुडी काकांनी घड्याळाच्या पेटीत, लंबकाच्या मागे कोंबली आणि घड्याळ छातीशी धरून चौकातून ताठ मानेने निघून गेले.

यानंतर काय विचारता! एकाने वाट काढली की दुसऱ्याला ती वासाने सापडते. हातातली, भिंतीवरची, गजराची, आजोबांच्या खिशातली, गावातली सगळी घड्याळं एकाएकी आजारी पडली. माणसं तेवढी ठणठणीत! दुकानदार भिंतीवरचं गोल घड्याळ घेऊन आला, त्याला साखर निघाली. दोन दिवसांनी दुकानदारीण आली, तेच गोल घड्याळ घेऊन.

“हे परवाच येऊन गेलं माझ्याकडे,” घड्याळजी म्हणाले.

“छे हो, दुसऱ्या कुणाचं असेल,” ती बाई कसली बनेल! “आणि यांना सांगू नका हं मी आले होते. उगाच काळजी करतात घड्याळाची.”

तिलाही साखर निघाली. आता दोघंही एकमेकांपासून चोरून आपापल्या ताटातलं गोड टाळत होती आणि दोघांनाही वाटत होतं, की दुसऱ्याचं प्रेम आटलंय म्हणून तो आग्रह करीत नाही. बाईंना हे दोन्ही बाजूंनी ऐकावं लागायचं. हसू यायचं, जीवही तुटायचा, आणि बोलायची तर सोय नाही. एकदा तर नवरा पुढच्या खोलीत आणि बायको आतल्या खोलीत असं झालं. बाईंनी बायकोला मागच्या खिडकीतून काढलं, पण घड्याळ पुढेच राहिलं की टेबलावर! घरी भिंतीवर घड्याळ सापडलं नाही म्हणून नवरा नुसतं फडकंच काखेत मारून आला होता. त्याने ते रिकामं फडकं बघितलं, टेबलावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “अरेच्चा, मी आणलं वाटतं!”

सलूनवाल्याची तर वेगळीच तऱ्हा. त्याच्या पायाला जुनी जखम होती, भरता भरत नव्हती. पण हा घड्याळ घेऊन चौक ओलांडणार तरी कसा? त्याच्याच आरशात त्याचीच गिऱ्हाइकं बघणार. म्हणून तो कात्री-कंगवा घेऊन यायचा, घड्याळजींचे केस कापायच्या निमित्ताने. दर आठवड्याला. आधी आत जाऊन पट्टी बदलून घ्यायचा आणि मग निमित्त खरं करण्यासाठी म्हाताऱ्याच्या डोक्यावर कात्री चालवायचा.

“अहो, उरलंय काय आता कापायला?” घड्याळजी ओरडायचे.

“हा काय, कानामागे एक राहिलाय.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते या गावाकडून शिकावं. दवाखाना तुडुंब चालला होता आणि बाहेरच्या बाकावर अजून कुत्रंच झोपत होतं. प्रत्येकाला वाटायचं, मी एकटाच पेशंट, बाकीच्यांची घड्याळं बिघडलीत. बाईंना मात्र आता सकाळी उठून दवाखान्यात जायची घाई असायची. कुणाचा खोकला थांबला, कुणाची झोप परत आली, काकांचा आकडा उतरला. अशा वेळी त्या आतल्या खोलीत एकट्याच टाळी वाजवायच्या.

बोंब होती ती पुढच्या खोलीत. दुखणी काय एका खेपेत बरी होतात? माणसं परत यायची, आणि परत यायचं म्हणजे घड्याळ परत बिघडायला हवं! काका दर पंधरा दिवसांनी चौकात ऐकू जाईल असं म्हणायचे, “पुन्हा मागे पडलं हो!” महिन्यांमागून महिने हे चाललं, आणि आरशात बघणाऱ्यांनी हिशेब जुळवला. म्हाताऱ्याची दुरुस्ती टिकत नाही. हाताला थरथर असणार. दिसत नसेल.

एके दिवशी ते घड्याळजींच्या कानावर गेलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

“पोरी,” म्हणाले, “एकही, एकही बिघडलेलं घड्याळ नाही आलं माझ्याकडे. मी चालू घड्याळं उघडतो, पुसतो आणि बंद करतो. आणि वर नाव कुणाचं खराब? माझं!”

“बाबा, माझ्यासाठी. वर्ष संपेपर्यंत. तोंड उघडू नका.”

“तुझ्यासाठीच गप्प आहे,” म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. बाईंना फार वाईट वाटलं. आपलं नाव होण्यासाठी बापाचं नाव घालवतोय आपण, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

वर्ष सरलं. पंचमंडळी शाळेच्या मोठ्या वर्गात बसली आणि तमाशा बघायला अख्खं गाव लोटलं. माणसं पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर काढून बसली होती. समोर मास्तरांच्या खुर्चीवर पोलादकाका, शेजारी सलूनवाला आणि दुकानदार, तेही पंच. बाई आणि घड्याळजी एका कडेला उभे.

आता खरी गंमत ऐका. त्या वर्गात एकालाही दवाखाना बंद व्हायला नको होता. पण तसं म्हणायचं कुणी? म्हटलं की लगेच प्रश्न येणार, का हो, तुम्हाला का हवा? प्रत्येक जण मनात म्हणत होता, दुसरं कुणी तरी बोलेल, आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करा. काकांची तर पाचावर धारण बसली होती. गोळ्या कालच संपल्या होत्या. पण जीभ पडली सवयीची! उठले आणि तेच ते जुनं बोलले.

“आपलं गाव पोलादाचं आहे. वर्षभर दवाखान्याबाहेरचं बाक रिकामं आहे, हे सगळ्यांनी बघितलंय. बाई, तुमच्याबद्दल आकस नाही. पण सांगा, आले का कुणी पेशंट?”

“आले,” बाई म्हणाल्या.

माना एकदम खाली गेल्या.

“कोण?” काकांचा आवाज चिरकला. “एखादं नाव सांगा की.”

बाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी डोळ्यांनीच हात जोडले. एक नाव, फक्त एक नाव तोंडातून निघालं असतं तर खोली बाईंची होती. त्यांना पांढऱ्या भिंती दिसल्या, टेबल दिसलं, त्यावर रचलेली खताची पोती दिसली.

“नाव नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “खोली गेली तरी नाही.”

काकांनी श्वास सोडला. त्यांना इतकं हायसं वाटलं आणि इतकी स्वतःची शरम वाटली, की दोन्ही एकदम चेहऱ्यावर आली. एवढ्यात दुकानदार घाबरून म्हणाला, “पण मग घड्याळजी कुठे बसणार? घड्याळदुरुस्तीची गावाला फार गरज आहे हो!”

“फार म्हणजे फार!” मागून त्याची बायको म्हणाली. दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं.

सलूनवाल्याला काहीतरी बोलणं भाग होतं, नाही तर आपल्यावर संशय यायचा. तो बोलून गेला, “तसं बघायला गेलं तर त्यांची दुरुस्ती तरी कुठे टिकते? काकांचंच घड्याळ बघा, दर पंधरा दिवसांनी आपलं काखेत.”

“हं,” काका नाइलाजाने म्हणाले. “हात तेवढा चांगला नाही त्यांचा.”

झालं! बाईंनी बाबांचा हात धरायच्या आत म्हातारा वर्गाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. टकलावर दिवा चमकत होता, नाकपुड्या फुलल्या होत्या.

“हात चांगला नाही? माझा? अरे, लबाडांनो! वर्षभरात एक, एक तरी घड्याळ बिघडलेलं आणलंत का माझ्याकडे? सगळी चालू! ठणठणीत! टिकटिक टिकटिक! काटा एका मिनिटाने चुकलेला नाही आणि मागे पडतंय म्हणे! दुरुस्तच काही केलं नाही मी, तर टिकायचं काय? आणि घड्याळं जर बिघडली नव्हती, तर तुम्ही सगळे आणत कशाला होता? या अख्ख्या गावाची घड्याळं?”

प्रत्येकाने आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग हळूच शेजाऱ्याच्या तोंडाकडे. ‘याचं घड्याळ चालू होतं? मग हा...’ शेजारीही तसाच बघत होता. दुकानदारीण नवऱ्याला कुजबुजली, “तुम्ही कशाला गेला होतात?”

“तू कशाला गेली होतीस?”

“बाबा, पुरे,” बाई म्हणाल्या. “कोण कशाला आलं ते आपण विचारायचं नाही.” आणि मग त्यांच्या डोळ्यांत जराशी चमक आली. “काका, मत घ्या. पण सगळ्यांनी डोळे मिटून. ज्यांना दवाखाना हवा त्यांनी हात वर करायचा. कुणी कुणाचं बघायचं नाही. हात बघायला माझे बाबा. ते या गावचे नाहीत, त्यांना काय घेणं!”

अशी सोय झाल्यावर कोण नाही म्हणतोय? पंचांनी डोळे मिटले, गावाने मिटले, बाईंनीही मिटले. त्यांना बघायचं धैर्यच नव्हतं. कपड्यांची सळसळ ऐकू आली. मग काही नाही. बाबा काही बोलेचनात. एकही हात वर नाही का, असं बाईंना वाटलं.

“हं,” शेवटी घड्याळजी म्हणाले. “एवढे हात मला काही मोजता येत नाहीत बुवा. माझी नजर कमजोर, तुम्हीच म्हणता. तेव्हा असं करा. हात खाली घ्यायचा नाही कुणी. तसाच ठेवा, वर. आणि आता उघडा डोळे!”

डोळे उघडले. वर्गात हातच हात! दुकानदाराचा, त्याच्या बायकोचा, सलूनवाल्याचा, मास्तरांचा, आणि सगळ्यांत उंच, खांद्यातून निखळेल असा ताणलेला पोलादकाकांचा. त्यांनी डोळे अजून गच्च मिटलेलेच होते.

“काका,” सलूनवाला हळूच म्हणाला, “उघडा आता. सगळेच आहोत.”

काकांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. आधी कुणीतरी खुसकन हसलं. मग दुकानदारीण तोंडाला पदर लावून, मग सगळा वर्ग गदागदा हसायला लागला, पोरांची बाकं करकरायला लागली. आणि बाई? त्या हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दवाखान्यात आल्या तर कुत्र्याला बसायला जागा नव्हती. बाक भरलं होतं. दुकानदार आणि दुकानदारीण शेजारी शेजारी बसून, आता उघडपणे, कुणाची साखर जास्त यावर भांडत होती. सलूनवाला धोतराचा सोगा वर करून पायाची पट्टी सगळ्यांना दाखवत होता.

पुढच्या खोलीत मात्र शुकशुकाट. घड्याळजी चिमटे ओळीने मांडून बसले होते, पण कुणाच्या हातात घड्याळ नाही. निमित्त लागत नव्हतं ना आता! लोक त्यांना नमस्कार करून थेट आत जात होते.

“छान झालं,” ते लेकीला म्हणाले, पण आवाज उतरलेला. “तुझं बस्तान बसलं, माझं उठलं.”

बाई त्यांचे चिमटे उगाचच सरळ करायला लागल्या.

तेवढ्यात पोलादकाका आले. चौकातून, दिवसाढवळ्या, काखेत तेच टोलाचं घड्याळ. घड्याळजींनी तोंड फिरवलं. “आता कशाला? आत जा सरळ.”

“नाही हो,” काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले. “या खेपेला खरंच बंद पडलंय.”

घड्याळजींनी अविश्वासाने झाकण उघडलं, भिंग लावलं. आत लंबकाची तार वाकलेली, एक चाक जागेवरून निघालेलं, आणि पेटीच्या आतल्या लाकडावर हातोडीचा ताजा घाव. बाईंनाही तो वरून दिसला. काका खाली मान घालून उभे होते, आणि त्यांच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला, की बाईंनी आई गेल्यापासून तसा बघितला नव्हता.

“बापरे!” घड्याळजी म्हणाले. “फार मोठं काम आहे हे. पार मोडलंय. आठ-दहा दिवस तरी लागतील!”

“लागू द्या की,” काका म्हणाले. “टिकेल ना पण?”

“माझ्या हातचं आहे!” म्हातारा गरजला आणि त्याने चिमटा उचलला.

“अंगठा दाखवा काका,” बाई म्हणाल्या. “आत चला.”

“थांब गं,” काका म्हणाले, “माझा नंबर नाही आलेला.” आणि बाहेर जाऊन ते बाकाच्या अगदी टोकाला, सलूनच्या आरशात नीट दिसेल असे, ताठ बसले.